मूर्ख कोणास म्हणावे? : 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे वाचन पुरे झाले. शेवटच्या बैठकीच्या दिवशी मधुबन धरणाचे दरवाजे उघडलेले होते, दमणगंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती, आणि तरीही पंधरा-सोळा सभासद छत्र्या सांभाळीत आले होते. वाचन संपल्यावर आमच्यातील सर्वांत वडील सभासदांनी प्रश्न टाकला, "एवढे सगळे ऐकले. आता एकच सांगा, हे टिळक शहाणे की मूर्ख?" हशा पिकला, चहा आला, आणि प्रश्न तेथेच राहिला. आम्ही मात्र तो घरी घेऊन आलो. काही प्रश्न विनोदाने विचारले जातात, पण त्यांची उत्तरे विनोदाने देता येत नाहीत. हा प्रश्न त्यांपैकी आहे, असे आम्हांस दिवसेंदिवस वाटू लागले, आणि त्याचेच फळ म्हणून हे टिपण सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पुस्तकाविषयी थोडे. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. लेखिका १९३६ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. पती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी म्हणून आपणा सर्वांस परिचित. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे आल्या आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. हा सारा इतिहास त्यांनी ज्या साध्या, खेळकर मराठीत सांगितला आहे तिच्या तोडीचे गद्य आपल्या भाषेत फार थोडे आहे, हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. या पुस्तकावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. ते भाषेविषयी आहे, स्त्रीजीवनाविषयी आहे, धर्मांतराविषयी आहे. परंतु हे पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत मूर्खपणाचाही एक अभ्यास आहे, आणि तो अभ्यास ख्रिस्ती दृष्टीने केलेला आहे, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'ख्रिस्ती दृष्टीने' म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल. आपण व्यवहारात मूर्ख म्हणतो तो बुद्धीने कमी असलेला मनुष्य. तो बसलेली फांदी तोडतो, हवेत मनोरे बांधतो, आणि आपण हसतो. बायबलातला मूर्ख बहुधा असा नसतो. जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या पुस्तकात मूर्ख पानोपानी भेटतो. त्याची मुख्य खूण ही की त्यास कोणी चूक दाखविलेली खपत नाही. इतकेच नव्हे, तर जो स्वतःस शहाणा समजतो त्याच्यापेक्षा मूर्खाविषयी अधिक आशा बाळगावी, असाही अभिप्राय तेथे दिलेला आहे. म्हणजे मूर्खपणा हा बुद्धीचा दोष नसून वृत्तीचा दोष आहे, आणि तो चांगल्या शिकल्यासवरल्या माणसातही सुखाने नांदू शकतो.

लूकच्या शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याचा दृष्टान्त याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे पीक भरघोस येते. जुनी कोठारे अपुरी पडतात. तो विचार करतो, ती पाडून मोठी बांधायचे ठरवितो, आणि आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, खावे-प्यावे, आनंद करावा, असे मनाशी म्हणतो. आम्ही पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत नियोजनाचे कागद पाहिले. या शेतकऱ्याच्या योजनेवर कोणत्याही खात्याने प्रतिकूल शेरा मारला नसता. त्याने चोरी केलेली नाही, कोणाची मजुरी बुडविल्याचा उल्लेख नाही. तरी देव त्यास मूर्ख म्हणतो, कारण त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जाणार आहे. मग त्याचा दोष कोणता? त्याचे स्वगत पुन्हा वाचले म्हणजे तो सापडतो. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. त्या संपूर्ण बोलण्यात दुसरा मनुष्य म्हणून कोणी नाहीच. बायको नाही, मुले नाहीत, शेजारी नाही, गडी नाही. आपल्या हिशेबात दुसरा मनुष्य धरायचा राहून जाणे, हीच ख्रिस्ती विचारातील मूर्खपणाची सर्वांत नेमकी व्याख्या असावी.

त्याचा धोका कोठे असतो, हे दुसरा दृष्टान्त सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोघे घरे बांधतात, एक खडकावर, दुसरा वाळूवर. उन्हाळ्यात दोन्ही घरे सारखीच दिसतात. कदाचित वाळूवरचे अधिक लवकर आणि कमी खर्चात उभे राहत असेल. फरक कळतो तो पूर आल्यावर. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांस हे समजावून सांगावे लागत नाही. मूर्ख आचरण लगेच फसत नाही, उलट कितीतरी वर्षे ते शहाणपण म्हणून मिरवते, आणि दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर त्याचे खरे रूप दिसते.

हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात मराठी ओवीत छापले गेले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले. चार शतके हा विचार मराठी बोलतो आहे. शिवाय आपल्या घरोघरी असलेल्या 'दासबोधा'तही त्याचा जोडीदार आहे. दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगितली. स्वतःची स्तुती करणे आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणे ही त्यांतली अगदी आरंभीची. पेशव्यांच्या वेळी आपले पूर्वज या मुलखात कसे आले, आणि २ ऑगस्ट १९५४ च्या मुक्तीच्या दिवसांत आपल्या पडवीत कोण कोण जेवून गेले, हे जेवणावळीत तिसऱ्यांदा सांगणाऱ्या आम्हां मंडळींनी तो समास अधूनमधून उघडावा. मात्र लक्षणांची यादी वाचताना एक गंमत होते. प्रत्येक लक्षणास वाचकाला दुसराच कोणीतरी आठवतो. समर्थांस हे ठाऊक असावे. म्हणूनच त्याच दशकाच्या अखेरच्या समासात ते पढतमूर्खाकडे वळतात, म्हणजे बहुश्रुत असूनही अभिमान आणि दुराशा न सुटलेल्या मनुष्याकडे. ते वाचताना दुसरा कोणी आठवेनासा होतो.

आता 'स्मृतिचित्रे'कडे येऊ. पुस्तकाच्या दारातच लक्ष्मीबाईंचे वडील उभे आहेत. नाशिकजवळच्या जलालपूरचे हे गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात येऊ नये, शिवाशिवीचा संशयही खपू नये. वाचताना हसू येते. परंतु ते पाणी कोणी भरले, ते धुणे कोणाच्या हातांनी झाले, याचा विचार केला की हसू आवरते. घरातील बायकांचा अर्धा जन्म त्या सोवळ्यात गेला. गोखले दुष्ट नव्हते. आपण धर्म पाळतो आहोत, अशीच त्यांची श्रद्धा होती.

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय या प्रकरणाच्या शेजारी ठेवून वाचावा, अशी आमची सभासदांस विनंती आहे. तेथेही वाद धुण्याचाच आहे. हात धुणे, वाट्या धुणे, तांब्यापितळेची भांडी धुणे यांवरून शास्त्रीपंडित येशूस जाब विचारतात. तो सांगतो की मनुष्यास विटाळ होतो तो बाहेरून आत जाणाऱ्या वस्तूने होत नाही, आतून बाहेर येणाऱ्या वस्तूने होतो. मग तो अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट गोष्टींची यादी देतो. तीत चोरी आहे, खून आहे, व्यभिचार आहे, लोभ आहे, निंदा आहे, गर्व आहे, आणि सर्वांच्या शेवटी मूर्खपणा आहे. प्रथम वाचताना हा शेवट विचित्र वाटतो. खुनाच्या पंगतीस मूर्खपणा कशाला बसविला? पण वाद कशाचा चालला होता हे ध्यानी घेतले म्हणजे उलगडा होतो. भांडे घासण्यात माणूस घासला जातो आहे हे न दिसणे, तेही धर्माच्या नावाने न दिसणे, हाच तो मूर्खपणा. जलालपूरच्या घराचे वर्णन करताना लक्ष्मीबाईंच्या मनात हा अध्याय होता की नव्हता, याची चर्चा निष्फळ आहे. बाप्तिस्म्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ शुभवर्तमाने वाचलेल्या स्त्रीची दृष्टी त्या वर्णनात आहे, इतके पुरे.

त्याहून महत्त्वाचे हे की लक्ष्मीबाई वडिलांस मूर्ख म्हणत नाहीत. आमच्या वाचनात तरी कोणासच त्या रागाने तसे म्हणताना आढळल्या नाहीत. याचे मूळही शुभवर्तमानातच आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने बजावले आहे की जो आपल्या भावास रागाने मूर्ख म्हणेल तो नरकाग्नीस पात्र होईल. मूर्खपणाविषयी ज्या ग्रंथात इतके सांगितले, त्याच ग्रंथात तो शब्द भावास लावण्यावर इतकी जबर शिक्षा! याच शुभवर्तमानात पुढे येशू स्वतः शास्त्र्यांस मूर्ख आणि आंधळे म्हणतो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. पण तेथे एक निःशस्त्र मनुष्य धर्मपीठावरील बलवंतांच्या तोंडावर बोलतो आहे. भाऊ भावास खाली ढकलण्यासाठी जो शब्द वापरतो तो वेगळा. बंदी त्यास आहे, कारण दुसऱ्यास मूर्ख ठरविले की त्याचे ऐकण्याची जबाबदारी संपते, आणि आपण त्या धनवान शेतकऱ्यासारखे एकटे उरतो.

ही सूक्ष्म गोष्ट आरंभीच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयास नेहमीच साधली असे नाही. बाबा पदमनजींचे १८५७ चे 'यमुनापर्यटन' हे मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान मिळविणारे पुस्तक. विधवांच्या दुःखाविषयी त्यांची कळकळ खरी आहे, आणि त्या काळी ते लिहिण्यास धैर्य लागले असेल. परंतु त्यातील मूर्खपणा नेहमी पलीकडच्या गटात असतो आणि शहाणपण अलीकडच्या. वाचक शिकतो, पण ओशाळत नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मूर्खपणा लेखिकेच्या स्वतःच्या चुलीपाशी येऊन बसतो. वडिलांच्या ज्या सोवळ्याने बालपण गांजले, तेच सोवळे त्या मोठेपणी स्वतः जिवापाड जपतात. ख्रिस्ती पतीकडे परत आल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. पुढे एकदा विचार करता करता, हा भेद देवाने नव्हे, माणसाने केला, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि तो सुटला तो कायमचा. कोणी वादात हरवून तो सोडविला नाही. त्यांनी स्वतःच स्वतःस पकडले. आणि हे सांगताना त्या जो सूर लावतात त्यात पश्चात्तापाचे प्रदर्शन नाही, केवळ आपल्याच खुळेपणाकडे पाहून आलेले हसू आहे. 'नीतिसूत्रां'तील मूर्खास चूक दाखविलेली खपत नाही, असे वर म्हटले. ज्यास स्वतःवर हसता येते त्याने त्या रोगाचे औषध घेतलेले असते.

राहता राहिले टिळक. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. न सांगता घरातून निघून जावे, मनात आले की नोकरी सोडावी, दारी आलेल्या अनाथास घरात घ्यावे, हे त्यांचे नित्याचे. १९१७ साली, वय पन्नाशीपुढे गेलेले असता, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. आमच्या सभासदांचा प्रश्न याच माणसाविषयी होता. ख्रिस्ती शास्त्रात यास एक तयार उत्तर आहे. पौल करिंथच्या मंडळीस लिहितो की आम्ही ख्रिस्तासाठी मूर्ख झालो आहोत. देवाचे जे मूर्खपण म्हणून दिसते तेही मनुष्यांच्या शहाणपणाहून शहाणे असते. म्हणजे जगाने वेडा म्हणावे असे एक आचरण आहे, आणि ते शेतकऱ्याच्या कोठारांच्या अगदी उलट टोकास आहे. आपल्याकडेही तुकोबांस संसारी माणसांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते.

परंतु 'स्मृतिचित्रे'चे मोठेपण असे की ते या तयार उत्तरावर थांबत नाही. पौलाच्या पत्रातून पुण्यवान मूर्खाची बाजू कळते. त्याच्या घरी त्या दिवशी पीठ होते की नव्हते, हे कळत नाही. लक्ष्मीबाई ते सांगतात. टिळकांच्या औदार्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी चुकती केली आहे, आणि ती दुसरी व्यक्ती हे पुस्तक लिहिते आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात दुसरा मनुष्य नव्हता. टिळकांच्या हिशेबात सारे जग होते, मात्र कित्येकदा घरची एक व्यक्ती तेवढी राहून जात असे. म्हणून आमचे मत असे की पवित्र वेडेपणाचीही परीक्षा त्याच कसोटीवर व्हावी. त्याची झळ कोणास लागली, आणि ज्यास लागली त्यास विचारले होते का? टिळक या कसोटीस दर वेळी उतरत नाहीत. तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. त्यांस चूक दाखविलेली खपत असे. घरात भांडणे झाली, रुसवे झाले, आणि पुस्तकभर त्यांची पत्नी त्यांस टोकत राहिली. त्या टोकण्यावर ते पुष्कळदा हसत. शिवाय ज्या स्त्रीने टोकले तिच्या हाती अक्षर त्यांनीच दिले होते. 'नीतिसूत्रां'तील मूर्ख असे करीत नाही.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. लक्ष्मीबाईंचे हसणे कधी कधी फार लवकर येते. वडिलांच्या विक्षिप्तपणाखाली आईचे काय झाले असेल, हे एखाद्या वाक्यात चमकते आणि दुसऱ्या वाक्यातील गमतीने झाकले जाते. काही ठिकाणी वाचकास थांबावेसे वाटते आणि लेखिका पुढे निघून जाते. शेवटचा भागही त्यांच्या हातून पुरा झाला नाही. पण ज्यांनी सोसले त्यांनी किती वेळ थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

येथे हे टिपण संपविता आले असते. परंतु सभासदांच्या प्रश्नाने आम्हांस घरापर्यंत का सोडले नाही, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सिल्वासाभोवती कारखाने वाढू लागले त्या वर्षांत आमच्या कुटुंबातील शेताचा एक तुकडा विकण्याचा प्रश्न आला होता. आमचे थोरले बंधू विकू नये म्हणत होते. आम्ही त्या वेळी नोकरीनिमित्त दूर होतो. तेथून आम्ही त्यांस पत्र लिहिले, कार्यालयात लिहावे तसे, मुद्द्यांस क्रमांक घालून. बाजारभाव, व्याज, कायदा, सारे बिनचूक होते. पाचव्या मुद्द्यात आम्ही त्यांस मूर्ख म्हटले. शेत विकले गेले. ते आमच्याशी भांडले नाहीत, पत्राचे उत्तरही दिले नाही. आम्हीही अकरा वर्षे त्यांच्या उंबऱ्याशी गेलो नाही, कारण मुद्दे आमचे बरोबर होते. ते वारल्यानंतर वहिनींनी जमिनीच्या कागदांचे बाड आमच्या हाती दिले. त्यात ते पत्र तारखेप्रमाणे लावून ठेवलेले होते, आणि वरच्या कोपऱ्यात बंधूंच्या अक्षरात 'मिळाले' एवढेच होते.

त्या तुकड्याचा भाव आम्ही अचूक सांगितला होता. बंधू सकाळी उठून त्या बांधावर जाऊन बसत, ही गोष्ट मात्र आमच्या एकाही मुद्द्यात आली नव्हती. 'नीतिसूत्रे', मत्तय आणि समर्थ आम्ही त्यापूर्वीही वाचलेले होते. पढतमूर्खाचा समास तर पाठ होता.

तेव्हा आमच्या वडील सभासदांस उत्तर द्यायचे ते असे. टिळक मूर्ख होते का, हे ठरविण्याचा हक्क ज्या एका व्यक्तीस होता तिने चार भाग लिहिले आणि तो शब्द उच्चारला नाही. तिने त्यांच्या चुका सांगितल्या, स्वतःच्याही सांगितल्या, आणि दोहोंवर ती सारखीच हसली. हे पुस्तक आपण ऐकले त्याचा उपयोग व्हायचा असेल तर ज्याच्याशी बोलणे थांबले आहे असा एखादा भाऊ, दीर किंवा शेजारी प्रत्येकाने आठवून पाहावा. तो बहुधा आपल्याच आळीत असेल. पाऊस उघडण्याची वाट पाहू नये. पुढील बैठकीत या प्रश्नावर सभासदांनी आपापली मते मांडावीत, आणि आमचे कोठे चुकले असेल ते अवश्य दाखवावे, अशी विनंती आहे.